विश्लेषण : डॉक्टरांच्या चिठ्ठीतील औषधे एवढी महाग का पडतात?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही औषध दुकानासमोर थोडा वेळ थांबले, तर एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘सध्या पंधरा दिवसांच्याच द्या.’ मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा आजारांचे रुग्ण चिठ्ठी पुढे करतात, एकूण रक्कम ऐकतात आणि अर्धीच औषधे घेऊन परततात. काही जण चिठ्ठीतील एखादी गोळी स्वतःच वगळतात. कोणती वगळायची हे ठरते ते आजारावरून नव्हे, किमतीवरून.

देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत नमूद आहे. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. म्हणजे भार कमी झाला आहे, पण गेलेला नाही. या खर्चात मोठा वाटा औषधांचा असतो. विमा किंवा सरकारी योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. गल्लीतल्या दवाखान्यातून दर महिन्याला मिळणारी चिठ्ठी मात्र बहुतेकांना स्वतःच्याच पैशांनी भागवावी लागते. या चिठ्ठीची किंमत कशी ठरते, कायदा काय सांगतो आणि रुग्णाच्या हातात काय आहे, याचा हा आढावा.

चिठ्ठीचा खर्च कशावर ठरतो?

चार गोष्टींवर. औषधे किती लिहिली, कोणती लिहिली, कोणत्या नावाने लिहिली आणि किती दिवसांसाठी लिहिली. या चारही गोष्टी डॉक्टर ठरवतात, पैसे रुग्ण देतो आणि नफा कंपनी व विक्रेत्याकडे जातो. साबण किंवा मोबाइल विकत घेताना ग्राहक दोन दुकाने फिरतो, किमतींची तुलना करतो. औषधाच्या बाबतीत निवड करणारा वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा असल्याने ही तुलना होतच नाही.

एकाच औषधाच्या किमतीत एवढा फरक कसा?

प्रत्येक औषधाला एक शास्त्रीय म्हणजे जेनेरिक नाव असते. उदाहरणार्थ, मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन. स्वामित्वहक्क अर्थात पेटंट संपले, की कोणतीही परवानाधारक कंपनी ते औषध बनवू शकते. भारतात अशा बहुतांश औषधांना प्रत्येक कंपनी आपापले व्यापारी नाव देते. त्यामुळे एकाच मेटफॉर्मिनची असंख्य नावे बाजारात आहेत. घटक एक, मात्रा एक, उपयोग एक. किंमत मात्र वेगवेगळी.

स्पर्धा आली, की किंमत किती उतरू शकते हे मार्च २०२५ मध्ये दिसले. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाचे पेटंट त्या महिन्यात संपले. तोवर सुमारे ६० रुपयांना मिळणारी एक गोळी अनेक भारतीय कंपन्यांनी बाजारात आणली आणि काहींनी तिची किंमत १० रुपयांच्या आत ठेवली.

पण अशी घसरण प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचतेच असे नाही. चिठ्ठीवर जुनेच महागडे नाव लिहिले जात असेल, तर रुग्ण तेच घेत राहतो. समजा, एका नावाची गोळी १२ रुपयांना आणि त्याच घटकाची दुसरी गोळी ३ रुपयांना आहे. रोज एक याप्रमाणे वर्षाचा खर्च पहिल्या बाबतीत ४,३८० रुपये, तर दुसऱ्या बाबतीत १,०९५ रुपये होतो. अशी तीन-चार औषधे रोज लागत असतील आणि घरात दोन रुग्ण असतील, तर हा फरक किती वाढतो हे सांगायला नको.

यात आणखी एक गुंता आहे. बाजारात ‘जेनेरिक’ म्हणून विकला जाणारा माल दोन प्रकारचा असतो. एक जनऔषधी केंद्रातला, ज्याची छापील किंमतच कमी असते. दुसरा औषध दुकानांना थेट पुरवला जाणारा. याची छापील किंमत अनेकदा नामांकित औषधाच्या जवळपास असते, पण दुकानदाराची खरेदी त्याहून बरीच स्वस्तात झालेली असते. अशा वेळी ग्राहकाला किती सूट द्यायची, हे दुकानदारच ठरवतो. म्हणूनच ‘तीस टक्के सूट’ ही पाटी म्हणजे स्वस्त औषधाची खात्री नव्हे.

सरकारचे किमतींवर नियंत्रण नाही का?

आहे, पण सगळ्या औषधांवर सारखे नाही. अत्यावश्यक वस्तू कायद्याखालील औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत ठरवते. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ३८४ औषधे आहेत.

ही कमाल किंमत उत्पादन खर्चावरून ठरत नाही. एखाद्या औषधाच्या बाजारात एक टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या सर्व उत्पादनांच्या किमतींची सरासरी काढली जाते आणि त्यात किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवला जातो. समजा, दुकानदाराला चार उत्पादने २, ४, ८ आणि १० रुपयांना मिळतात. सरासरी आली ६ रुपये आणि कमाल किंमत ६ रुपये ९६ पैसे. सर्वांत महाग उत्पादन खाली आले, हे खरे. पण जे औषध २ रुपयांत दुकानात पोहोचू शकते, त्याच्यासाठी रुग्णाला जवळपास ७ रुपये मोजायला लावणे कायदेशीर ठरते. आधीच्या १९९५ च्या आदेशात उत्पादन खर्चाचा आधार होता. तो सोडल्याबद्दल औषध चळवळीतील संघटना सातत्याने आक्षेप घेत आल्या आहेत.

यादीतील औषधांच्या किमती दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १२.१२ टक्के होती, तर एप्रिल २०२५ मध्ये १.७४ टक्के. यादीबाहेरील औषधांची सुरुवातीची किंमत कंपनीच ठरवते. नंतर वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढ करता येते. बाजारातील बहुतांश उलाढाल या यादीबाहेरील औषधांची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याचा दिलासा मिळाला, पण मूळ किमतीतील तफावत त्याने मिटत नाही.

गरजेपेक्षा जास्त औषधे लिहिली जातात का?

चिठ्ठीचे मोजमाप करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये साधे निकष दिले. एका भेटीत सरासरी किती औषधे लिहिली जातात, त्यांतील किती जेनेरिक नावाने असतात, किती भेटींमध्ये प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक दिले जाते, किती भेटींमध्ये इंजेक्शन दिले जाते आणि किती औषधे अत्यावश्यक यादीतील असतात, असे हे पाच प्रश्न आहेत. अभ्यासक साधारणपणे दोनपेक्षा कमी औषधे, ३० टक्क्यांपेक्षा कमी भेटींत प्रतिजैविक आणि २० टक्क्यांपेक्षा कमी भेटींत इंजेक्शन, हे योग्य प्रमाण मानतात.

आता साध्या विषाणूजन्य तापाची नेहमीची चिठ्ठी आठवून पाहावी. पॅरासिटामॉल, एक प्रतिजैविक, सर्दीची गोळी, ‘ॲसिडिटी होऊ नये म्हणून’ पँटोप्राझोल आणि वर ताकदीसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या. यातील प्रतिजैविक विषाणूंवर चालतच नाही. थोड्या दिवसांच्या पॅरासिटामॉलसोबत सरसकट पँटोप्राझोलची गरज नसते. ताप तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय मात्र पाच औषधांच्या चिठ्ठीला मिळते.

मोठ्या रुग्णालयांतील स्थितीही आदर्श नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातील १३ मोठ्या रुग्णालयांमधील ४,८३८ चिठ्ठ्या तपासण्यात आल्या. ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२० या काळातील या चिठ्ठ्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ५५ टक्के चिठ्ठ्या उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून होत्या. ४७५ म्हणजे ९.८ टक्के चिठ्ठ्यांमधील विचलन स्वीकारण्यासारखे नव्हते. अशा चिठ्ठ्यांमध्ये वारंवार आढळलेले औषध होते पँटोप्राझोल. हे औषध गरज नसताना दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होण्याचा धोका असतो. म्हणजे अनावश्यक औषधाचा भुर्दंड केवळ पैशांचा नसतो.

प्रतिजैविकांचे चित्र अधिक गंभीर आहे. २०१९ मधील खासगी बाजारातील विक्रीवर आधारित आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, सर्वाधिक वापर ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅम गोळीचा होता. वापरल्या गेलेल्या प्रतिजैविकांपैकी ४७.१ टक्के उत्पादनांना केंद्रीय नियामकाची मान्यता नव्हती. गरज नसताना घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जंतू निर्ढावतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा महागडी औषधे वापरावी लागतात.

मिश्र गोळ्यांचा यात काय संबंध?

एकाच गोळीत दोन-तीन औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र करणे, हा प्रकार भारतात अतोनात वाढला आहे. क्षयरोगासारख्या आजारात अशा मिश्रणांचा फायदा सिद्ध झालेला आहे. पण वेदनाशामक, सर्दी-खोकला, मधुमेह, प्रतिजैविके यांतील अनेक मिश्रणांना वैद्यकीय आधार नसल्याचे सरकारच्याच समित्यांनी म्हटले आहे. केंद्राने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेले. फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८, जून २०२३ मध्ये १४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी आली.

खर्चाच्या दृष्टीने मुद्दा असा, की अत्यावश्यक यादीत बहुतांश मिश्रणे नाहीत, त्यामुळे त्यांना एकेरी औषधाची कमाल किंमत लागू होत नाही. यादीतील औषध आधीपासून बनवणाऱ्या कंपनीने नवे मिश्रण आणले, तर त्याची किंमत प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावी लागते. तरीही रुग्णाला नको असलेल्या घटकाचे पैसे मोजावे लागतात, ते लागतातच. शिवाय एका घटकाची मात्रा कमी-जास्त करायची झाली, तर संपूर्ण गोळी बदलावी लागते.

दवाखान्यात मिळणाऱ्या पुडीचे काय?

महाराष्ट्रातील शहरांच्या वस्त्यांमध्ये आणि तालुक्याच्या गावांत अनेक फॅमिली डॉक्टर चिठ्ठी लिहीत नाहीत. तपासणी झाली की कागदाच्या पुडीत दोन-तीन दिवसांच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन, असा सगळा मिळून एकच आकार घेतला जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘के’नुसार नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या रुग्णांना औषध देता येते, मात्र त्याला उघडे दुकान चालवता येत नाही. त्यामुळे ही पद्धत बेकायदा नाही.

तिचा फायदाही आहे. हातावर पोट असलेल्या रुग्णाला वेगळे दुकान गाठावे लागत नाही, खर्च आधीच ठाऊक असतो आणि अनेकदा तो चिठ्ठीवरील औषधांपेक्षा कमीच येतो. पण पुडीवर औषधाचे नाव नसते, मात्रा नसते, मुदत संपण्याची तारीख नसते. अंगावर पुरळ उठली किंवा रुग्णाला रात्री दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले, तर ‘पांढरी मोठी आणि गुलाबी छोटी’ यापलीकडे नातेवाइकांना काहीही सांगता येत नाही. पुडीत स्टेरॉइड होते की प्रतिजैविक, हे कळायला मार्ग उरत नाही.

कंपन्यांचा प्रभाव किती?

दवाखान्यात रुग्णांच्या रांगेतच बॅग घेऊन थांबलेले वैद्यकीय प्रतिनिधी अर्थात ‘एमआर’ सर्वांनी पाहिलेले असतात. नव्या औषधाची माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम. पण माहिती आणि प्रलोभन यांतील रेषा अनेकदा पुसली जाते. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातील ७८ डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ हे पुस्तक लिहिले. त्यात कमिशन, भेटवस्तू आणि कंपन्यांच्या दबावाबद्दल डॉक्टरांनीच मोकळेपणाने सांगितले आहे.

डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार स्वीकारण्यास वैद्यकीय आचारसंहितेनुसार मनाई आहे. पण ही संहिता डॉक्टरांना लागू होते, कंपन्यांना नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवून प्राप्तिकरात सवलत घेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अशा भेटवस्तूंचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो, हा त्यामागचा धागा होता.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विपणनाची एकसमान संहिता जाहीर केली. तिच्यानुसार डॉक्टर व त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू, परदेश दौरे, हॉटेलमधील मुक्काम देता येत नाही. मोफत नमुन्यांचे मूल्य कंपनीच्या देशांतर्गत वार्षिक विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. मात्र तक्रारींचा निवाडा उद्योग संघटनांच्या समित्यांकडे आहे. या संहितेला कायद्याचे बळ द्यावे, यासाठी वैद्यकीय प्रतिनिधींच्याच संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘कट प्रॅक्टिस’विरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता. त्याचा कायदा झाला नाही.

जेनेरिक नाव लिहिणे बंधनकारक आहे का?

२०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार प्रत्येक डॉक्टरने औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे अपेक्षित आहे. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढून हे बंधन अधिक कडक केले आणि कारवाईची तरतूद केली. डॉक्टरांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. अवघ्या तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, नियमावली स्थगित झाली आणि जुनीच संहिता पुन्हा लागू झाली. म्हणजे नियम आहे, पण प्रत्यक्षात व्यापारी नावेच लिहिली जातात.

डॉक्टरांचा आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. देशात हजारो लहान-मोठे उत्पादक आहेत आणि केंद्रीय व राज्यांच्या प्रयोगशाळांच्या तपासणीत दर महिन्याला काही नमुने दर्जाहीन ठरतात. जेनेरिक औषध शरीरात मूळ औषधाइतकेच शोषले जाते का, हे तपासणारी चाचणी भारतात सर्वच औषधांना लागू नाही. एप्रिल २०१७ पासून ती पाण्यात कमी विरघळणाऱ्या विशिष्ट गटांतील तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठी सक्तीची झाली. फिट्स किंवा थायरॉइडसारख्या आजारांत वारंवार उत्पादन बदलणे योग्य नसते, हेही खरे. मात्र दर्जाहीन ठरणाऱ्या औषधांत नामांकित नावेही असतात. नाव मोठे म्हणजे दर्जाची हमी, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरा मुद्दा औषध दुकानाचा. चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल, तर अनुसूची ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’मधील औषधांच्या बाबतीत फार्मासिस्टला ते बदलून त्याच घटकाचे स्वस्त औषध देता येत नाही, औषध नियम ६५ तशी मनाई करतो. चिठ्ठीवर फक्त जेनेरिक नाव असेल, तर कोणत्या कंपनीचे द्यायचे हे दुकानदार ठरवतो आणि तो साहजिकच जास्त नफ्याचे पुढे करू शकतो. म्हणजे निवड डॉक्टरकडून दुकानदाराकडे सरकते, रुग्णाकडे येत नाही. दर्जाची सरकारी हमी आणि समान औषध बदलून देण्याचे स्पष्ट नियम असल्याशिवाय नुसती जेनेरिक नावाची सक्ती अर्धवट ठरेल, असे जाणकार म्हणतात ते यामुळेच.

इतर देशांत यावर लक्ष कसे ठेवले जाते?

इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने राष्ट्रीय आरोग्य सेवेशी जोडलेले असतात. रुग्ण प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क देतो. मे २०२४ पासून ते ९.९० पौंड आहे. साठीपुढील नागरिक आणि १६ वर्षांखालील मुलांना तेही माफ आहे. औषधाची खरी किंमत सरकार भरते. त्यामुळे कोणत्या दवाखान्याने काय लिहिले, याचा हिशोब सरकारकडे असतोच.

विशेष म्हणजे हा हिशोब जाहीर केला जातो. ऑगस्ट २०१० पासूनची माहिती उपलब्ध आहे. रुग्णांची नावे नसतात, पण कोणत्या दवाखान्याने कोणते औषध किती लिहिले आणि त्यावर किती खर्च झाला, हे दर महिन्याला कुणालाही पाहता येते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील डॉ. बेन गोल्डेकर यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘ओपनप्रिस्क्रायबिंग’ हे संकेतस्थळ सुरू करून ही माहिती तक्त्यांच्या रूपात मांडली. आपला दवाखाना इतरांच्या तुलनेत महागडी औषधे जास्त लिहितो का, प्रतिजैविके जास्त देतो का, हे डॉक्टरांनाही तिथे दिसते.

या माहितीचा उपयोग किती, हे त्याआधीच २०१२ मध्ये दिसले होते. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन गटातील महागड्या औषधांऐवजी तितकीच परिणामकारक जेनेरिक औषधे लिहिली, तर वर्षाला सुमारे २० कोटी पौंड वाचू शकतात, असे एका विश्लेषणातून पुढे आले. तिथे आज पाचपैकी चारहून अधिक औषधे जेनेरिक नावाने लिहिली जातात. तिथले डॉक्टर अधिक सज्जन आहेत म्हणून हे घडले असे नाही. तुलना उघड झाली आणि पैसे भरणारी यंत्रणा त्या तुलनेकडे लक्ष देते, म्हणून घडले.

भारतात असा आरसा नाही. खासगी दवाखान्यांत काय लिहिले जाते याची माहिती प्रामुख्याने बाजार संशोधन कंपन्या गोळा करतात आणि ती औषध कंपन्यांना विकली जाते. म्हणजे कोणता डॉक्टर काय लिहितो, याचा अंदाज कंपन्यांना असतो. रुग्णाला आणि सरकारला मात्र नसतो. महाराष्ट्रात असे अभ्यास झालेच नाहीत असे नव्हे. १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा सविस्तर अभ्यास झाला होता आणि डॉ. अनंत फडके यांनी त्यावर आधारित पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. पण अशी पाहणी नियमित आणि सार्वजनिक झाली नाही.

स्वस्त औषधांचे पर्याय कोणते?

पहिला पर्याय जनऔषधी केंद्रांचा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची २०२५ च्या सुरुवातीला १५ हजारांहून अधिक केंद्रे होती. दोन हजारांहून अधिक औषधे तिथे नामांकित औषधांच्या तुलनेत ५० ते ८० टक्के कमी किमतीत मिळतात, असे सरकार सांगते. पुरवठादारांकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचे प्रमाणपत्र असावे लागते आणि प्रत्येक खेपेचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, काही औषधे अनेकदा शिल्लक नसतात. दुसरी, चिठ्ठीवर व्यापारी नाव आणि तेही मिश्रणाचे असेल, तर नेमका पर्याय सापडत नाही.

दुसरा पर्याय सरकारी दवाखान्यांचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये येथील उपचार मोफत आहेत. मुंबईत महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांमध्येही औषधे मोफत मिळतात. मधुमेह आणि रक्तदाबाची मूलभूत औषधे अशा ठिकाणी नियमित मिळाली, तर महिन्याच्या खर्चातील मोठा भाग वाचतो.

रुग्णाने काय करावे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खर्चामुळे औषध परस्पर बंद करू नये किंवा एक दिवसाआड घेऊ नये. रक्तदाब आणि मधुमेहात याची किंमत पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होण्याने मोजावी लागू शकते. परवडत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ‘डॉक्टर, एवढे दर महिन्याला झेपत नाही, स्वस्तातले लिहून द्या’ असे म्हणण्यात कमीपणा काहीच नाही.

दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. यातील प्रत्येक औषध कशासाठी आहे? किती दिवस घ्यायचे? यातले कोणते अगदी आवश्यक आहे आणि कोणते नसले तरी चालेल? जेनेरिक नावही लिहून देता का? पुडी मिळत असेल, तर आतील औषधांची नावे कागदावर लिहून मागावीत. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे आणि हाडांचे वेगळे असतील, तर दोघांच्या चिठ्ठ्या दोघांनाही दाखवाव्यात. एकच वेदनाशामक किंवा ॲसिडिटीची गोळी दोन नावांनी दोनदा घेतली जाते, ती अशाच वेळी.

पत्त्यावर जेनेरिक नाव पाहावे. सप्टेंबर २०१८ पासून एकेरी औषधाचे जेनेरिक नाव व्यापारी नावापेक्षा किमान दोन आकार मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड असतो. तो मोबाइलवर स्कॅन केला की उत्पादक, खेप आणि मुदत कळते. प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ ॲपवर औषधाचे नाव टाकले, की कमाल किंमत आणि इतर उत्पादनांच्या किमती दिसतात. जवळचे जनऔषधी केंद्र आणि तिथली किंमत ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर शोधता येते. जुन्या औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध सुरू करायचे असेल, तर डॉक्टरांना विचारूनच करावे आणि पुढच्या महिन्यात रक्तदाब किंवा साखर तपासून घ्यावी.

औषध अमुक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. रुग्णालयांमधील औषध दुकानांनी ‘येथूनच औषधे घेणे बंधनकारक नाही’ असा फलक लावावा, असे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये बजावले आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, बिल नाकारले किंवा दर्जाबाबत शंका आली, तर प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. कमाल किमतीच्या उल्लंघनाबाबत मूल्यनिर्धारण प्राधिकरणाचा क्रमांक १८०० १११ २५५ आहे. बिल मात्र जपून ठेवावे. त्याशिवाय तक्रार टिकत नाही.

पुढे काय?

औषधांच्या दर्जाबाबत केंद्राने उत्पादन निकषांची सुधारित अनुसूची ‘एम’ डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केली. लहान उत्पादकांना त्यासाठी २०२५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. तिची अंमलबजावणी खरोखर झाली, तर जेनेरिकबद्दलचा डॉक्टरांचा सर्वांत मोठा आक्षेप कमकुवत होईल. विपणन संहितेला कायद्याचे बळ मिळते का आणि स्थगित नियमावली नव्या रूपात परत येते का, हे दोन प्रश्न अजून बाकी आहेत.

तोवर आपल्या डॉक्टरची चिठ्ठी शेजारच्या डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा महाग का, हे सांगणारी कोणतीही यंत्रणा रुग्णाच्या मदतीला नाही. ‘पंधरा दिवसांच्याच द्या’ असे दुकानात सांगण्याऐवजी ‘यातले नक्की कोणते लागते’ हे दवाखान्यातच विचारणे, एवढे मात्र आजही त्याच्या हातात आहे.